उजव्या बाजूला, हिरवं छप्पर

बेटांभोवती पर्यटकांना फिरवणाऱ्या त्या जहाजावर दर बुधवारी संध्याकाळी एक लाल पेय मिळायचं. रम, पेरूचा रस आणि वर कागदाची छत्री. त्याचं नाव काय, तर 'कालापाना'. म्हणजे आमचं गाव. गाव लाव्हाखाली जळत होतं आणि आठशे माणसं त्याचं नाव घेऊन दुसरा पेला मागवत होती. मी अकरा वर्षं त्या जहाजावर उकुलेले, ती चार तारांची छोटी गिटार, वाजवली. हे सगळं मी रागानं सांगतोय, ते आधीच सांगून ठेवतो. राग उतरायची वाट पाहत बसलो असतो तर हे कधीच लिहून झालं नसतं.

सांगायचंय ते लूकिया आंटीबद्दल.

आंटी आमच्या पलीकडच्या गल्लीतली. सख्खी नाही, पण आईच्या वयाच्या बाईला आमच्याकडे नुसत्या नावानं हाक मारली तर थोबाडीत बसते, आणि लूकिया आंटीची थोबाडीत तर हिलो शहरापर्यंत प्रसिद्ध होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं बावीस वर्षं पोरांना जेवू घातलं. ताटात पोई, म्हणजे तारोच्या कंदाचा लगदा, टाकून उठलेल्या पोराच्या मागं ती डाव घेऊन मैदानापर्यंत यायची. "तारो लावायला चिखलात तुझा बाप गेला होता का रे?" ज्याचा बाप खरंच तारो लावत असे, त्याला ती म्हणायची, "मग सांगू का त्याला?" मीही तो डाव खाल्लाय. डाव्या कानाच्या मागं.

नवरा कामुएला मासेमारी करायचा. तो गेला तेव्हा अंगणातल्या आंब्याखाली, तिच्या आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरला. मूलबाळ नव्हतं. घर छोटं, लाकडी, हिरव्या पत्र्याचं, आणि इतकं स्वच्छ की आत जाताना आपलेच पाय आपल्याला घाण वाटावेत. हालाच्या, म्हणजे केवड्यासारख्या झाडाच्या, पानांच्या चटया ती स्वतः विणायची. तिच्या आईनं विणलेली एक चटई मात्र गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती, तिच्यावर कुणी बसायचं नाही.

शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा आंटी छप्पन्न वर्षांची होती. जहाजवाल्यांना 'गावातली खरीखुरी बाई' हवी होती. शनिवारी फुलाफुलांचा झगा घालून शिडीपाशी उभं राहायचं, चढेल त्याच्या गळ्यात माळ घालायची, आणि बुधवारी जहाज हिलोहून निघून आमच्या किनाऱ्यावरून जायला लागलं की लाव्हा दाखवत माइकवर बोलायचं. नोकरी मीच सुचवली होती. ते पाप माझं.

ज्वालामुखीची देवी पेले, तिचं नाव जगाला ठाऊक आहे. आम्ही तिला तुतू म्हणतो, म्हणजे आजी. डोंगर तिचा, जमीन तिची, आम्ही राहतो ते तिची मर्जी आहे तोवर. डेलनं आंटीच्या हातात जो कागद दिला त्यात लिहिलं होतं, 'संतापलेली अग्निदेवता'. डेल हा करमणुकीचा साहेब, ओहायोचा, दात पांढरेशुभ्र. मनानं वाईट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट असता तर काम सोपं होतं.

"संतापलेली कोण म्हणे?" आंटीनं विचारलं.

"तुमची देवी. पेले."

"ती संतापलेली नाहीये. ती घरी चाललीय. तू सुट्टीत घरी जातोस तेव्हा संतापून जातोस का?"

"आंटी, लोकांना संतापलेली आवडते."

"मग मी आहे ना. मला दाखव त्यांना."

डेल हसला. तो सारखा हसायचा. कागदातलं 'संतापलेली' आंटीनं कधीच वाचलं नाही, तेवढा शब्द ती गिळायची. मग डेलनं दुसरी युक्ती काढली. आंटी आमच्या भाषेत काही बोलली की सगळ्यांनी एका सुरात 'आलोहा', म्हणजे आमचा नमस्कार, म्हणून ओरडायचं, असं तो शनिवारीच लोकांना शिकवून ठेवायचा. लोकांना ते फार आवडायचं. आंटी 'पायरी सांभाळा' म्हणाली तरी आठशे माणसं आलोहा म्हणून ओरडायची.

नव्वद साली तुतू, म्हणजे तिचा लाव्हा, आमच्या गावात उतरली. ती धावत येत नाही. आज एक घर, चार दिवसांनी दुसरं, मध्येच दोन आठवडे एकाच जागी बसून राहते. त्यामुळे आवरायला वेळ मिळतो, आणि तो वेळ आम्ही कसा घालवतो ते पाहून बाहेरचे लोक डोक्याला हात लावतात. आम्ही घर धुतो. जमीन घासायची, काचा पुसायच्या, भांडी लख्ख करून जागच्या जागी ठेवायची. टेबलावर 'ती' नावाच्या झाडाच्या पानांची माळ आणि काहीतरी चांगलंचुंगलं खायला ठेवायचं. मग दार सताड उघडं टाकून निघायचं. घरची मालकीण येतेय, तिनं काय दार वाजवायचं? कुणाच्याही घरी तिला बंद दार लागल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पण त्या वर्षी बघे आले. सगळ्या बेटांवरून, मुख्य भूमीवरून, भाड्याच्या गाड्या करून आले. आंटीच्या शेजारचा म्हातारा कालेओ आपलं घर धुऊन, दार उघडं टाकून पोलिसांच्या दोरीमागं येऊन उभा राहिला. तुतू पोचायला दोन तास होते. त्या दोन तासांत मागच्या बाजूनं माणसं आत शिरली. कुणी चमचे नेले, कुणी दाराची मूठ काढून नेली. एकजण बूट घालून कालेओच्या बिछान्यावर आडवा झाला आणि त्याच्या मित्रानं त्याचा फोटो काढला. टेबलावरचं केळं खाऊन साल तिथंच टाकली होती. तुतूसाठी ठेवलेलं केळं. आंटीनं कामुएलाचं वल्हं उचललं आणि त्यातल्या दोघांना डांबरी रस्त्यापर्यंत हाणत नेलं. पोलिसांनी तिलाच समज दिली.

मग तुतू आंटीच्या आंब्यापासून तीनशे पावलांवर येऊन थांबली. दोन आठवडे हलली नाही. आंटीनं डेलकडे रजा मागितली. या आठवड्यात पाहुण्यांचा एक मोठा गट येतोय, पुढच्या शनिवारपासून हवी तेवढी घ्या, असं तो म्हणाला. मीही म्हणालो, "आंटी, ती थांबलीय. चल. आठवड्याचा तर प्रश्न आहे." हेही पाप माझंच.

शुक्रवारी तिनं घर धुतलं. जहाज दुसऱ्या बेटावरून सुटायचं, म्हणून शनिवारी सकाळी विमानतळावर जाताना ती गाडीत गप्प होती. आंटी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय हे आम्हाला लहानपणापासून माहीत.

"लोपा," ती म्हणाली. माझं नाव लोपाका, पण पुरतं नाव घ्यायला तिला कधी वेळ नसायचा. "मी कुलूप लावलंय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला गेली.

"समोर बघून चालव. आईची चटई अंथरलीय मी तुतूसाठी. त्यावर कुणी मेला बूट घालून लोळला तर मी खून करीन. पुढच्या शनिवारी आले की पहिल्यांदा दार उघडणार."

"किल्ली इओआनेला का नाही दिलीस?" इओआने तिचा धाकटा भाऊ, गावातल्या दुकानासमोर बाकावर बसलेला असायचा.

"त्याला? दोन बाटल्या बियर दिली तर तो टीव्हीवाल्यांना सगळं घर दाखवून आणील, वर पंखा लावून देईल." मग म्हणाली, "आठच दिवस. तेवढं समजून घेईल ती."

हे ती मला सांगत नव्हती.

बुधवारी जहाज हिलोला लागलं. हिलोपासून आमचं गाव गाडीनं तासाभराच्या आत. आंटीनं तीन तास मागितले, नुसतं जाऊन दार उघडून यायला. धीर धरवत नव्हता तिला. पण त्या मोठ्या गटाला दुपारी माळा ओवायला शिकायचं होतं. "तुमच्याशिवाय कोण शिकवणार, आंटी?" डेल म्हणाला. आंटीनं शिकवलं. एका बाईनं तिच्या हाताचा फोटो काढला आणि विचारलं, हे हात किती वर्षांचे? चार वाजता जहाज सुटलं.

साडेचारला डेल धावतच आला. चेहरा नुसता फुलला होता. "नशीब काढलं आपण! लाव्हा आज सकाळपासून पुन्हा चालायला लागलाय. मघाशी किनाऱ्यावरून कळवलं. आपण पोचू तेव्हा एक घर पेटलेलं असणार. हिरव्या छपराचं आहे म्हणे, मोठं झाड आहे समोर. वर्षभरात असा योग आला नव्हता."

आंटीचा हात झग्याच्या खिशात गेला. तो तिथंच राहिला.

"मला फोन करायचाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"गावात, दुकानात. माझा भाऊ असेल तिथं. त्यानं कुऱ्हाडीनं दार फोडलं पाहिजे."

"कुणाचं दार?"

"त्या हिरव्या छपराच्या घराचं. माझं घर आहे ते."

डेलचा चेहरा पडला, हे मला कबूल केलंच पाहिजे. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "अरेरे. आंटी, फार वाईट वाटलं. आत काही मौल्यवान राहिलंय का?"

"काही राहिलं नाही. दार उघडायचंय."

"पण ते तर जळणारच आहे ना? मग उघडून काय करायचंय?"

आंटी त्याला काय सांगणार होती? पन्नास बुधवार ती त्याच माणसाच्या माइकवरून तुतूबद्दल बोलत होती. त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं.

"फोन पाहुण्यांसाठी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "कार्यक्रम झाला की फोनच्या परवानगीवर मी स्वतः सही करून देतो. शब्द देतो. आणि हो, आज तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल." मग म्हणाला, "पण बोललात तर फार बरं होईल."

मी रेडिओच्या खोलीकडे पळालो. तिथला नार्दो माझा पत्त्यांतला भिडू होता. फोनची एकच लाइन, आणि ती घेऊन एक पाहुणा खुर्चीत पाय पसरून बसला होता. शेजाऱ्याला सांगत होता की हिरवळीला पाणी कुठल्या नळानं घालायचं, किती वेळ घालायचं, कुत्रा त्या बाजूला गेला तर काय करायचं. मी हात जोडले. त्यानं एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट. नार्दो डोळ्यांनीच म्हणाला, मी काय करू? पंचवीस मिनिटं तो माणूस गवताबद्दल बोलला. उठताना माझी पाठ थोपटून गेला. आजही कुठं हिरवळीवर फवारा फिरताना दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नार्दोनं सहीबिही विचारली नाही, सरळ दुकानाचा नंबर लावला. दुकानातल्या पोरीनं उचलला.

"इओआने अंकल? आत्ता इथंच बाकावर होते. पोलिसांनी सगळ्यांना वर नेलं. आम्हीपण निघालोय. पाच मिनिटं झाली असतील. का रे, काय झालं?"

मी म्हणालो, काही नाही.

वर येऊन मी आंटीला सांगितलं. तिनं मान हलवली. एवढंच विचारलं, "पाच मिनिटं म्हणाली का ती?" मग केसातलं फूल नीट केलं आणि डेकवर गेली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, म्हणून तर नाही रडली.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. उजव्या बाजूला सगळा किनारा वाफेनं भरला होता आणि त्यात लाल ओघळ समुद्रात पडत होते. आठशे माणसं कठड्याला चिकटली होती. दुर्बिणी, कॅमेरे, हातात ते लाल पेय. मी उकुलेले हातात घेऊन उभा होतो, वाजवत नव्हतो. हिरवं छप्पर स्पष्ट दिसत होतं. आंबा आधीच पेटला होता. आंब्याखाली कोण कोण होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक. मग भिंतीनं पेट घेतला, समोरच्या, दाराच्या बाजूनं. आणि टाळ्या वाजल्या. खोटं सांगत नाही, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टीही मारली.

आंटीनं माइक घेतला. कागद घेतलाच नाही. ती आमच्या भाषेत बोलली, हळू, घरात बोलावं तसं. "तुतू, दार मी बंद केलं. हात माझा होता. माझ्या आईनं नाही केलं, तिच्या आईनं नाही केलं. मी केलं. आत चटई आहे. माफ कर आणि आत ये."

आणि आठशे माणसं एका सुरात ओरडली, "आलोहा!"

मी हातातली उकुलेले खाली ठेवली. त्या जहाजावरचं माझं वाजवणं तिथंच संपलं.

आंटी मग त्यांच्या भाषेत बोलायला लागली. "ते हिरवं छप्पर माझं आहे. आमच्याकडे या पाहुणीसाठी दार उघडं ठेवतात. माझ्या सात पिढ्यांत ते कुणी बंद केलं नाही. मी केलं, कारण तुम्ही..." एवढ्यात कर्णा बंद पडला. मी वळून पाहिलं. डेलचा हात बटणावर होता. चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं, आणि हात बटणावर. आंटीला कळलं नाही, ती बोलत राहिली. कालेओच्या बिछान्याबद्दल, चमच्यांबद्दल, केळ्याच्या सालीबद्दल, सगळं बोलली. तुमच्या बुटांपायी मी माझ्या आजीला दाराबाहेर उभं केलं, असं म्हणाली. पहिल्या रांगेतल्या चार माणसांनी ऐकलं असेल. त्यातले दोघं जेवायला खाली गेले.

मग जहाज वळायला लागलं. दर बुधवारी वळायचं. उजव्या बाजूच्या लोकांचं पाहून झालं की गोल फिरायचं, म्हणजे डाव्या बाजूच्यांनाही पैसे वसूल. जहाजाला काय, ते फिरलं. आंटी माइक धरून जिथल्या तिथं उभी होती आणि तिच्यासमोरून घर सरकत सरकत निघून गेलं. समोर नुसता काळा समुद्र उरला. घर अजून जळत होतं, पण आता ते दुसऱ्या बाजूच्या लोकांचं होतं.

ती वळली आणि डेक ओलांडून गेली. मी मागोमाग. तिकडे पाच-पाच ओळी माणसं, नुसत्या पाठी. आंटी खांद्यानं वाट काढत कठड्याच्या जवळ पोचली तेव्हा एका गोऱ्या म्हातारीनं हात आडवा घातला. चेहरा प्रेमळ होता, गळ्यात आंटीनंच शनिवारी घातलेली माळ होती, वाळलेली.

"बाई, तुमचं त्या बाजूनं पाहून झालंय ना?" ती म्हणाली. "आता आम्हाला पाहू द्या."

"ते घर माझं आहे," आंटी म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. ती आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, ऐकलंत का, यांचं आहे ते घर! सरका, सरका जरा." तिनं सगळ्यांना बाजूला केलं, आंटीला हाताला धरून अगदी पुढं नेलं, आणि म्हणाली, "इथं उभ्या राहा. घर मागं येऊ दे. मी तुमचा एक छान फोटो काढते."

आंटीनं हात सोडवून घेतला नाही. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. मी मनातल्या मनात म्हणत होतो, मार आंटी, आजच्या दिवस मार. पण समोर आता कुणी नव्हतं, कठडा होता, पाणी होतं आणि पलीकडे तिचं दार होतं. एवढी मोकळी जागा तिला त्या जहाजावर दुसरी मिळणार नव्हती. ती पुढं झाली, कॅमेऱ्याकडे पाठ केली, आणि माइकवर जे बोलली होती तेच पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली. मागून म्हातारी सांगत होती, "इकडे बघा ना, इकडे." छप्पर खाली बसलं. फ्लॅश उडाला.

दुसऱ्या दिवशी कोना बंदरात आम्ही दोघंही उतरलो ते कायमचे. आंटी पुढं नऊ वर्षं जगली, पाहोआ गावात, इओआनेकडे. त्या संध्याकाळबद्दल ती कधी बोलली नाही. शेवटी शेवटी तर कुणालाही रागं भरेनाशी झाली होती, आणि ते मला पाहवत नसे.

तो फोटो अजून कुठंतरी असेल. मुख्य भूमीवर, एखाद्या नीटनेटक्या घरात, फ्रेममध्ये. काळी पाठ आणि मागं जाळ. घरी आलेल्यांना म्हातारी सांगत असेल, बिचारीनं मागं वळूनच पाहिलं नाही. ते घर मला सापडावं असं मला फार वाटतं. सापडलं तर मी दार वाजवणार नाही, सरळ आत शिरेन.